कोणता ऑफ?

सर स्वतःच्याच वर्गाच्या दारात उभे राहायचे आणि आत बसलेल्या आम्हा मुलामुलींना विचारायचे, "मे आय कम इन?"

नांदेडला कॉलेजात आले तेव्हा पहिल्याच तासाला मी हे पाहिलं. मी हिमायतनगरकडच्या खेड्यातली. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. गावच्या शाळेत गुरुजी यायचे ते दारावर छडी वाजवत. आणि इथं पांढऱ्या केसांचे, शर्ट बाहेर सोडलेले, पायात साधी स्लिपर घातलेले प्राध्यापक हात मागे बांधून उंबऱ्याबाहेर थांबलेले. मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसत होती. उत्तर कुणीच देईना. सर तसेच उभे. मला ते बघवेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "येस सर." चारचौघांत मोठ्यानं बोललेलं माझं ते पहिलं इंग्रजी.

सर आत आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "थँक यू. आत कोणीतरी आहे म्हणायचं."

पुढच्या वर्गातल्या मुलींनी मग सांगितलं, की एकदा पोरांनी ठरवून उत्तर दिलं नव्हतं. सर पूर्ण तास दाराबाहेर उभे राहिले आणि घंटा झाल्यावर निघून गेले. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच विचारलं.

घरी गेल्यावरही ते असंच करायचे, हे मी पुढं स्वतः पाहिलं. सर जुन्या नांदेडात एका बोळात राहायचे, एकटेच. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली हातात, आणि सर बंद दाराला विचारायचे, "मे आय कम इन?" मग मान जरा वाकडी करून ऐकत थांबायचे आणि नंतर कुलूप काढायचे. पहिल्यांदा मी न राहवून विचारलं, "सर, आत कोण आहे?"

"कुलूप आहे म्हणजे कोणी नाही, असं कुठं असतं?" सर म्हणाले. थट्टा करत असल्यासारखं वाटलं नाही.

कॉलेजात त्यांचं टोपणनाव ‘कोणता ऑफ’ असं होतं. त्याला कारण होतं. तास सुरू व्हायच्या आधी कुणी ना कुणी आशेनं विचारायचं, "सर, आज ऑफ आहे का?" सर थांबायचे आणि गंभीरपणे विचारायचे, "कोणता ऑफ?"

त्या एका शब्दावर त्यांनी आम्हाला किती तास शिकवलं असेल, सांगता येत नाही. नेमलेले धडे बाजूला राहायचे. फळ्यावर मधोमध तो शब्द लिहायचा आणि म्हणायचं, "आणा. ज्याच्या घरी जो ऑफ असेल तो आणा."

"मोबाईल ऑफ, सर."

"तास ऑफ."

"टेक ऑफ सर, विमानाचं."

"चप्पल काढायलाबी टेक ऑफच की," मागून एकजण. "सर, चप्पल आन् विमान एकच का मग?"

"एकच," सर म्हणायचे. "चप्पल पायाला सोडते, विमान जमिनीला. कोणीतरी कोणालातरी सोडतं, तिथं हा शब्द येऊन बसतो."

दूध नासलं तरी ऑफ. लग्न मोडलं तरी ऑफ. खाऊनपिऊन सुखी असलेला माणूस वेल ऑफ. आम्ही हसायचो, लिहून घ्यायचो. एक दिवस मुखेडकडचा एक मुलगा सहज म्हणाला, "सर, आमच्या गल्लीतले एक आजोबा परवा ऑफ झाले."

वर्ग हसायचा थांबला. सरांनी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"फोन आलता, सर."

"फोनवर शब्द काय वापरला?"

"हाच. ऑफ झाले म्हणून."

"आणि तू लगेच तोच अर्थ घेतलास?"

तो गोंधळला. "मग दुसरा कोणता घेऊ, सर?"

सर फळ्याकडं वळून पुसत राहिले. फळा कधीच कोरा झाला होता, तरी पुसत राहिले. मग आमच्याकडं तोंड न करताच म्हणाले, "द अलार्म वेंट ऑफ. काय झालं?"

"बंद पडला, सर."

"नाही. वाजायला लागला." आता ते वळले. "गेला म्हणता तुम्ही, आणि तो तिकडं जागा होऊन वाजायला लागलेला असतो. हे लक्षात ठेवा."

मला ते वाक्य आजही जसंच्या तसं आठवतं.

माझं इंग्रजी फार कच्चं होतं. वाचता यायचं, पण तोंड उघडायचं नाही. सरांनी ते हेरलं आणि मला आणि आणखी तिघीचौघींना घरी शिकवायला बोलावलं. त्याचं त्यांनी कधी काही घेतलं नाही. घरून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगासुद्धा ते आम्हालाच भाजायला लावून आम्हालाच खायला घालायचे. मी आज जे काही आहे ते त्या ओसरीवर बसून झाले. फक्त एक नियम होता. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं, की सर पुस्तक मिटायचे. "चला. दिवेलागणीला घरात कोणी नको." आम्ही बाहेर पडलो की आतून कडी लावल्याचा आवाज यायचा. त्या वेळी कुणीही दार वाजवलं तरी सर उघडत नसत. गल्लीतल्या लोकांना हे माहीत होतं. दूधवालासुद्धा त्या वेळी त्यांच्या दाराशी थांबत नसे.

याचं कारण मला कॉलेजातल्या दस्तगीर मामांनी सांगितलं. मामा तिथं शिपाई होते, सरांच्याच वयाचे. सर घरी एकटे असतात म्हणून अधूनमधून डबा घेऊन जायचे. एक दिवस मी त्यांना म्हणाले, "मामा, उद्या सरांचा तास ऑफ आहे का?" तर ते एकदम म्हणाले, "तो लफ्ज माझ्यासमोर नको घेऊ, बेटा."

मग जिन्याखालच्या बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. सरांच्या पत्नी नर्स होत्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. त्यांची ड्यूटी कधी वेळेवर सुटायची, कधी संध्याकाळ व्हायची. तेव्हा मोबाईल नव्हते. निघायच्या आधी सिस्टर कॉलेजच्या ऑफिसात फोन करायच्या आणि मामा सरांना वर्गात जाऊन निरोप द्यायचे, "सर, सिस्टर आफ झाल्या." ड्यूटी संपली, निघाल्या, एवढाच त्याचा अर्थ. मग सर तास झाला की घरी जाऊन न्हाणीत बादली भरायचे आणि तिच्यात रॉड टाकून पाणी तापत ठेवायचे. सिस्टर दवाखान्यातून आल्या की पुढच्या दारानं घरात येत नसत. मागच्या बोळातून परसात, तिथून न्हाणीत. अंघोळ करून, कपडे बदलूनच आत यायच्या. दवाखाना घरात आणायचा नाही, हा त्यांचा दंडक.

"त्या रोजी फोनवर बाईमाणसाचा आवाज नव्हता," मामा म्हणाले. "दवाखान्यातला कुणी पोरगा होता. घाईत होता. म्हणला, सरांना सांगा, सिस्टर ऑफ झाल्या. मी म्हणलं, ठीक. रोजचाच निरोप. वर्गात गेलो आन् रोजच्यासारखा देऊन आलो. सर म्हणले, बरं. मला पुढं घंटाभरानं कळालं, बेटा. ड्यूटीवरच चक्कर येऊन पडल्या व्हत्या. उठल्याच न्हाईत."

मी विचारलं, "मग सरांना कुणी सांगितलं?"

"आम्हीच गेलो, चौघंजण. दार वाजवलं. सरांनी उघडलं. आमचं ऐकून घेतलं आन् म्हणले, काहीतरी घोटाळा व्हायलाय तुमचा. ती न्हाणीत आहे."

एवढंच सांगून मामा उठले. पुढचं मला सरांकडून कळलं, आणि ते कळायला त्यांना ताप यावा लागला.

मी शेवटच्या वर्षाला होते. सरांना दोन दिवस ताप होता म्हणून दुपारी खिचडी करून द्यायला गेले होते. बाकीच्या मुली गावी गेल्या होत्या. ऊन उतरायला लागलं तशी मी निघाले, पण सर उठून बसले आणि मागे जायला लागले. दोन पावलं टाकली आणि भिंतीला धरून उभे राहिले.

"बाळ, एक काम करशील का?" ते म्हणाले. इतक्या संकोचानं त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. "बादली भरून रॉड लावून दे. माझ्यानं उचलत नाही. आजवर एक दिवस चुकलेलं नाही."

मी परसात गेले. न्हाणी साधीच होती, पत्र्याची, शहाबादी फरशी. दांडीवर घडी घातलेला टॉवेल होता. बादली भरली, रॉड सोडला, बटण दाबलं. मागच्या बोळाचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी कडी लावायला हात नेला, तर आतून सरांचा आवाज आला, "ते राहू दे."

पाणी तापेपर्यंत मी त्यांच्याजवळ बसले. तेव्हा त्यांनी सांगितलं.

"दस्तगीरनं निरोप दिला. मी रोजचा अर्थ घेतला. घरी आलो, पाणी ठेवलं. थोड्या वेळानं मागचं दार वाजलं. न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज यायला लागला. मी इथंच बसलो होतो, पेपर तपासत. तिनं बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या, त्याचासुद्धा आवाज ऐकला मी. मग पुढचं दार वाजलं." सरांनी पुढच्या दाराकडं बोट केलं. "ते वाजवत राहिले. मी उठलो आणि उघडलं. त्यांनी मला दुसरा अर्थ सांगितला. त्यांना घेऊन मागे गेलो, तर फरशी ओली, बादली रिकामी, वाफ अजून तशीच. आत कोणी नाही."

मी मागच्या दाराकडं पाहिलं.

"तासभर माझा अर्थ चालला, बाळ. पूर्ण चालला. मी दार उघडलं नसतं, तर ती केस पुसत आत आली असती. माझी चूक एवढीच." ते हे व्याकरणातली चूक सांगावी तसं सांगत होते. "आता मी दार उघडत नाही. कधीतरी ती अंघोळ पुरी करेल. तिला तेवढा वेळ मिळायला पाहिजे."

तेवढ्यात मला रॉडची आठवण झाली. मागे जाऊन बटण बंद केलं आणि आत आले. सरांनी विचारलं, "बटण?"

"ऑफ केलं, सर." बोलून गेले आणि जीभ चावली. सरांनी डोळे मिटून घेतले.

आणि पुढचं दार वाजलं.

साधं वाजणं होतं, कडीचं. मी सवयीनं उठले. सरांनी माझं मनगट धरलं. हात तापानं भाजत होता. "नको," ते म्हणाले. "आज नको. कधीच नको. पण आज तर पाणी तू ठेवलंयस."

मी बसले. दार वाजत राहिलं. मग थांबलं. घर इतकं शांत झालं, की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मोठा वाटायला लागला. आणि मागून, परसातून, पाणी ओतल्याचा आवाज आला. एक तांब्या. मग थोडं थांबून दुसरा. मी सरांकडं पाहिलं. सर माझ्याकडं बघत नव्हते. त्यांची मान जरा वाकडी झाली होती, बंद दारापाशी ऐकताना व्हायची तशी.

किती वेळ गेला, माहीत नाही. परसातून पावलं आली आणि स्वयंपाकघराच्या दारात एक बाई उभी राहिली. माझ्या तोंडून आवाज फुटणार होता, पण ती उज्ज्वला निघाली, माझी होस्टेलची मैत्रीण. उदगीरची. सायन्सला होती, सरांकडं पूर्वी कधी आलेली नव्हती.

"अय्यो, कामून बसलीस गं अंधारात? किती येळ दार वाजवायलेय मी!" ती म्हणाली. "रेक्टर मॅडम ओरडायल्यात तिकडं. शेवटी मागनं आले." मग सर दिसले तशी तिनं आवाज उतरवला. "माफ करा हं, सर. मागं न्हाणीत मावशी हायेत, त्यांना विचारलं, सर हायेत का घरात, तर काही बोलल्या नाहीत. नुसता तांब्या वाजला. मग तशीच आत आले."

मला कुणीतरी पाण्यात ढकलल्यासारखं झालं. या घरात कुणी मावशी नाही, हे उज्ज्वलाला माहीत नव्हतं. माहीत व्हायचं काही कारणच नव्हतं.

सर मात्र हळूहळू मागं टेकले. इतक्या वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. शाळा सुटलेल्या लेकरासारखा.

"पुढचं दार उघडलं नाही ना कोणी?" त्यांनी विचारलं.

"न्हाई सर. आतून कडी हाय की."

"मग ठीक." त्यांनी चादर ओढून घेतली. मी मागे बघायला निघाले, तर म्हणाले, "बघायला जाऊ नको, बाळ. बघायला गेलो, तिथंच मी हरलो होतो. पुढं आता वाजवणारं कोणी नाही, तिकडूनच जा दोघी, आणि दार ओढून घ्या."

आम्ही गेलो. बोळातून जाताना उज्ज्वलानं विचारलं, "सरांच्या मिसेस लई कमी बोलतेत का गं?" मी हो म्हणाले. तिला खरं काय ते मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

त्या दिवसानंतर मी संध्याकाळी पुन्हा तिथं गेले नाही, आणि सरांनी पुन्हा बोलावलं नाही. शिकवणं तसंच चालू राहिलं. बी.ए. झालं, बी.एड. झालं. लातूरला शाळेत नोकरी लागली, तेव्हा पेढे घेऊन गेले. सरांनी एक पेढा खाल्ला आणि म्हणाले, "सी ऑफ करायला येतो."

आले पण. नांदेडच्या एसटी स्टँडवर, त्याच स्लिपरांमध्ये, दस्तगीर मामांना सोबत घेऊन. मी खिडकीत बसले होते. सर खालून म्हणाले, "सी ऑफ. यात बघणं पण आहे आणि जाणं पण. मराठीत आपण नुसता निरोप देतो." मग स्वतःशीच थांबून म्हणाले, "तसा आपलाही शब्द काही कमी नाही. घेऊन येतात तोही निरोप आणि देऊन जातात तोही निरोप." मामा खाली मान घालून उभे होते. गाडी सुटली. स्टँडचं वळण येईपर्यंत सर तसेच बघत होते.

लातूरला मी आता पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवते. दारात उभी राहून "मे आय कम इन?" विचारते. मुलं सुरुवातीला हसली, आता एका सुरात "येस मॅडम" म्हणतात. घरी यजमानांना हे वेड वाटतं, पण मला त्याच्याशिवाय वर्गात पाऊल टाकता येत नाही.

गेल्या महिन्यात सर दवाखान्यात असल्याचं मामांनी फोनवर सांगितलं होतं. रविवारी जायचं मी ठरवलं होतं. गुरुवारी सातवीचा शेवटचा तास चालू असताना आमच्या शाळेचे शिपाई दारात आले. तासाला मी फोन पर्समध्ये ठेवते, म्हणून निरोप ऑफिसात आला होता.

"मॅडम, नांदेडहून एका मामाचा फोन आलता. दस्तगीर मामा म्हणून. सर आफ झाले म्हणून सांगा म्हणले."

मी खडू हातात धरून उभी राहिले. मामा तो शब्द घेत नाहीत. आयुष्यात पुन्हा घेणार नाहीत, हे मला माहीत होतं.

शिपाई जरा घोटाळले. "आन् पुन्हा म्हणले, हाच शब्द सांगा. सरांनी हाच सांगायला लावलाय म्हणले. दुसरा कोणताच सांगू नका. ... मॅडम, म्हणजे कसं समजायचं ते? सुट्टी झाली का त्यांना दवाखान्यातून? का..."

"बरं," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. विचारलं नाही.

सरांनी मला आयुष्यभर जे दिलं, त्यातलं हे शेवटचं होतं, आणि ते त्यांनी दुसऱ्या माणसाच्या तोंडी न मोडता पाठवलं होतं. विचारलं, की एकच अर्थ उरणार; ते मोडणं माझ्या हातात होतं. मुलं माझ्याकडं बघत होती. मी फळ्याकडं वळले आणि उरलेला धडा पुरा केला.

घरी आले. यजमान औशाला गेले होते, उशिरा येणार होते. पर्समध्ये फोन वाजायला लागला होता, नांदेडचाच नंबर. मी तो बंद केला. पुढच्या दाराला कडी लावली. मागचं, गॅलरीच्या बाजूचं दार नुसतं लोटून ठेवलं आणि अंधार पडू लागला तरी दिवा न लावता बसले.

पुढचं दार वाजलं. आधी हळू, मग जोरात. "मॅडम! मॅडम, आहात का?" शेजारच्या काकू असाव्यात. त्यांच्याकडंही माझ्या माहेरचे, कॉलेजचे लोक फोन करतात. मी हलले नाही. दार वाजत राहिलं, आणि मग थांबलं.

मागच्या दारापाशी स्लिपर घासल्याचा आवाज आला. आवाज आला, की मीच तो ऐकला, हे मला कुणाला पटवून देता येणार नाही, आणि मला ते पटवायचंही नाही. कुणीतरी तिथं हात मागे बांधून उभं होतं आणि उत्तराची वाट बघत होतं.

चारचौघांत बोललेलं माझं पहिलं इंग्रजी मी पुन्हा एकदा, मोठ्यानं बोलले.

"येस सर."